जेसीबी घेऊन आलेला समेट

"तिथंच थांब बे. एक दात जरी ह्या धुऱ्याले लागला, तं तुह्या मशीनच्या तोंडात मी सोता जाऊन बसीन. मंग उचल मले आन् टाक नाल्यात!"

वैशाखातली सकाळ, पिवळा जेसीबी आणि त्याच्यासमोर कमरेला पदर खोचून उभी राहिलेली एक बाई. आवाज असा की लिंबावरचे कावळे उडाले ते थेट जालना जिल्ह्यात जाऊन उतरले. त्यातले काही अजून परत यायला तयार नाहीत असं ऐकतो. बाई म्हणजे सुमनवहिनी, माझ्या फौजेतल्या दोस्ताची, शेषरावाची बायको. जेसीबी बोलावला होता खुद्द शेषरावानं. त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे होते हमीदभाई, शेजारच्या वावराचे मालक आणि या उन्हाळ्यापर्यंतचे शेषरावाचे जानी दुश्मन. आणि या सगळ्यांच्या मधोमध, हातात नारळ धरून, मी.

मी सांगलीकडचा माणूस. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका धुऱ्यावर नारळ घेऊन काय करत होतो, हे सांगायचं तर मलकापूरपासून सुरुवात करावी लागेल.

मलकापूर

मिरजेहून गोंदियाकडं जाणाऱ्या गाडीनं मलकापूरला उतरलो तेव्हा ऊन एवढं होतं की फलाटावरची सावली सावलीत जाऊन बसली होती. शेषरावानं फोनवर सांगितलं होतं, "ये लेका, आमच्या समेटाले तूच पंच. तू दोघाइचा बी नाई." पंच म्हणून रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही, म्हणून आमच्याकडच्या गुळाची एक अख्खी ढेप पिशवीत घातली होती. आमच्याकडं पाहुणा म्हणजे गूळ, एवढाच विचार. मलकापूरचं ऊन मी हिशेबात धरलं नव्हतं.

स्टँडवर कापसाच्या दुकानांच्या सावलीनं चालत गेलो, एसटी पकडली, आणि मोताळ्याच्या पुढं कधीतरी शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "काऊन हो, तुमची पिशवी रडून राह्यली का?" पाहिलं तर ढेप वितळून धार लागलेली. बुलढाण्याचा घाट चढताना गूळ गाडीच्या मागच्या दारापर्यंत पोचला. बुलढाण्याला जीप बदलून धाडला उतरलो तेव्हा मागं वळून बघितलं. माझी शपथ, मलकापूरपासून धाडपर्यंत मुंग्यांची एकच रांग लागली होती, आणि घाटात त्यांनाही वळणावर हॉर्न द्यावा लागत होता.

खिडकीतून दिसत होतं ते मात्र सांगताना मला काही वाढवून सांगावं लागत नाही. काळंभोर, नांगरून ठेवलेलं, सपाट. नजर जाईल तिथपर्यंत एक झाड नाही. आमच्याकडं नजर अडवायला निदान ऊस तरी असतो. इथं नजर एकदा सुटली की तिला उभं राहायला जागा नाही. मधेच रस्त्याच्या कडेला प्लॉटिंगचे रंगीत दगड, मधेच मुरमासाठी पोखरलेली टेकडी. अर्धी कापलेल्या भाकरीसारखी ती उभी होती. एसटीतले लोक गरमीबद्दल बोलत होते. गारपीट माघात येते, पाऊस आषाढात दडी मारतो आणि सोयाबीन काढून ठेवलं की भिजवायला हजर होतो, असं त्यांचं एकमत होतं. सगळा दोष आभाळाला. आभाळाला शिव्या देण्यात एक सोय असते, ते उलटून बोलत नाही.

शेषरावाचं गाव

गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या खेपेला मला तिथं चहा मिळणार नाही. धाडच्या बाजाराला चालत येता येतं एवढं सांगतो.

शेषराव आणि मी लडाखच्या थंडीत एका तंबूत राहिलो. तिथं बोललेला शब्द गोठून खाली पडायचा आणि उन्हाळ्यात वितळल्यावर ऐकू यायचा. शेषरावाच्या कित्येक शिव्या मला निवृत्तीनंतर पोस्टानं आल्या. त्या सगळ्या शिव्या एका धुऱ्याबद्दल असायच्या.

धुरा म्हणजे आमच्याकडचा बांध, दोन शेतांच्या मधला. शेषरावाचं वावर वरच्या अंगाला, हमीदभाईंचं खालच्या, मधे हा धुरा आडवा. त्यावर एक मोठा लिंब, म्हणजे कडुलिंब, चार बाभळी, सीताफळाच्या जाळ्या, एक वारूळ आणि गुडघाभर गवत. शेषरावाच्या आज्याच्या वेळेला या धुऱ्यावरून बैलबंडी जायची. मग दरवर्षी वखरणीला शेषरावाच्या घरचा वखर एक वीत आत घुसायचा. ते बघून हमीदभाईंच्या घरचा वखर पलीकडून वीतभर आत यायचा. याला इथं धुरा कोरणं म्हणतात, आणि हे काम कुणीच करत नसतं, नेहमी समोरचाच करतो. वखर गेले, रोटाव्हेटर आले, वितीचा हात झाला. आता त्या धुऱ्यावरून कोंबडी जाते ती दोन्ही पंख पसरून, तोल सांभाळत.

हसू नका, आमच्याकडं याहून वाईट आहे. आमच्या उसाच्या शिवारात बांध आता फक्त सातबाऱ्यावर उरलाय. मी एकदा आमचा बांध शोधायला गेलो आणि संध्याकाळी शेजाऱ्याच्या उसातून बाहेर पडलो, तोवर घरच्यांनी माझ्याशिवाय जेवण उरकलं होतं. आणि कृष्णेचं पाणी दारात आलं की आम्हीही आभाळाकडंच बोट दाखवतो.

तर या धुऱ्यावरून शेषराव आणि हमीदभाई वर्षानुवर्षं बोलत नव्हते. शेषरावानं आपल्या वावरात फौजेच्या जुन्या वर्दीतलं बुजगावणं उभं केलं, छाती हमीदभाईंच्या दिशेला. दुसऱ्या दिवशी पलीकडं हमीदभाईंचं बुजगावणं उगवलं, त्यांच्या लग्नातल्या शेरवानीत, पाठ शेषरावाकडं. पाखरं दोघांनाही घाबरत नव्हती. ती दोघांच्या मधे बसून भांडण बघायची.

बायका मात्र बोलत होत्या. सुमनवहिनी आणि हमीदभाईंच्या बेगम, शमीमभाभी, यांची गाठ रोज त्या लिंबाखाली पडायची. अलीकडून पोळ्याला पुरणपोळी जायची, पलीकडून ईदला शिरखुर्मा यायचा. सीताफळं निम्मी-निम्मी व्हायची. शेळ्यांना गवत एक दिवसाआड दोघींचं. दोन्ही नवरे दोन्ही पदार्थ चाटूनपुसून खायचे आणि हे कुठून आलं असं एकदाही विचारायचे नाहीत. विचारलं असतं तर खाता आलं नसतं.

समेट कसा झाला

हमीदभाईंच्या मुलीचं लग्न या उन्हाळ्यात झालं. वरात दारात, बिर्याणी शिजलेली, आणि आभाळ काळं झालं. अवकाळी असा आला की मांडव उडून गेला. गारा बोराएवढ्या होत्या असं गाव सांगतं. मी सांगतो, नारळाएवढ्या असाव्यात, कारण मला पुढं एक नारळ मिळायचा होता. शेषराव आपल्या ओट्यावरून हे बघत होता. मग कुणाला काही न सांगता उठला, आपल्या टिनाच्या शेडमधून बैल बाहेर काढले, जागा झाडली आणि वऱ्हाडाला ओरडून सांगितलं, "आत या ना बे सगळे, काय पाहून राह्यले?" निकाह शेषरावाच्या शेडमधे लागला. बैल गारा खात बाहेर उभे.

त्या रात्री दोघं गळ्यात पडून रडले असं म्हणतात. आणि माणूस प्रेमात आला की काहीतरी तोडायला बघतो. हमीदभाई म्हणाले, भाई, अब दिल में दीवार नहीं, तो खेत में काहे को? शेषराव म्हणाला, काढूनच टाकू. धुरा काढायचा, दोन्ही टोकाला एकेक दगड गाडायचा, आणि मधली जागा नांगरून दोघांनी घ्यायची. प्रत्येकाला सोयाबीनची दोन तासं, म्हणजे ओळी, जास्त. भांडणाचं मूळच राहणार नाही.

मला ही गोष्ट शेषरावानं डोळे पुसत सांगितली. मीही पुसले. फौजी माणूस हळवा असतो, फक्त त्याचं कुणाला दिसत नाही.

दुपारी तो मला शिवार दाखवायला घेऊन गेला. गावाची गुरं चरायची सरकारी जमीन होती, तिला इथं ई-क्लास म्हणतात. ती बघायची होती. शेषराव एका ठिकाणी उभा राहिला आणि म्हणाला, ही. समोर नांगरट. मी म्हटलं, कुठं? म्हणाला, "होती इथं. लोकाइनं पेरली." गवत गेलं, गवताबरोबर गुरं गेली, गुरांबरोबर शेण गेलं, आणि आता खताची गोणी आणायला सगळे धाडला जातात. हे सांगताना तो असा बोलत होता की जणू एखाद्या नातेवाइकाची बदली झाली.

त्याच्या पुढं एक वावर होतं, तिथल्या दोन भावांनी धुरा मागच्याच वर्षी काढला होता. भाद्रपदातल्या एका पावसानं तिथं घळ पडलेली. मी उत्साहानं आत उतरलो. उतरताना दुपार होती, वर आलो तेव्हा गावात माझ्या शोकसभेसाठी फोटो शोधत होते. ही थाप सोडा, पण एक खरं सांगतो: आत उभं राहिल्यावर माझ्या डोक्याच्या वर जमिनीचे थर दिसत होते. वरचा काळा, खाली पिवळा मुरूम. काळ्यातच सगळं पिकतं. त्या घळीच्या दोन्ही काठांवर काळा थर चतकोर भाकरीएवढा उरला होता.

"ही माती कुठं गेली?" मी विचारलं.

शेषरावानं खाली नाल्याकडं हात केला. मला वाटलं, याच्या डोक्यात काहीतरी शिरतंय. पण तो म्हणाला, "ह्याइनं धुरा काढला तवा दगड बरोबर नाई गाडले."

रोडग्यांची पंगत

समेटाचं जेवण दुसऱ्या दुपारी लिंबाखालीच ठेवलं होतं, त्याच धुऱ्यावर. कारण अख्ख्या शिवारात दुसरी सावली नव्हती. हे कुणाला खटकलं नाही. उद्या जो लिंब पाडायचा, त्याच्याच सावलीत आज पंगत.

रोडगे हे प्रकरण आमच्याकडं नाही. कणकेचे गोळे एकात एक थर देऊन वळायचे आणि गोवऱ्यांच्या आरात पुरायचे. बाहेरून कोळसा दिसतो, आत पदर सुटतात. सोबत वांग्याची भाजी, तिखटानं कान वाजतील अशी, आणि रोडग्यावर तूप. मी पहिला रोडगा घाईनं तोंडात टाकला. टाळूचं कातडं तिथंच समेटाला अर्पण झालं. शमीमभाभींनी शेवया आणल्या होत्या, त्या थंड म्हणून मी त्याच चार वाट्या खाल्ल्या, आणि दोन्ही घरांत माझ्या नावाची कीर्ती झाली.

जेवताना गप्पा हवामानावर आल्या. हमीदभाई वाचणारे माणूस, मोबाइलवर जगभरच्या बातम्या बघतात. त्यांचं म्हणणं, हे सगळं मोठ्या देशांचं काम आहे. कारखाने त्यांचे, गाड्या त्यांच्या, विमानं त्यांची. आपण गरीब माणसं यात कुठंच नाही. शेषराव मान हलवत होता. मीही हलवली, कारण ते खोटं नव्हतंच.

सुमनवहिनी वाढत होत्या. त्यांनी भाजीचा डाव पातेल्यात ठेवला.

"हमीदभाई, अमेरिकेनं येऊन हा धुरा कोरला होता का?"

"नहीं भाभी, वो बात अलग…"

"मंग कोणं कोरला? मले दोघाइची नावं माहीत हायेत. इथंच बसून रोडगे खाऊन राह्यले."

पंगतीत कुणी हसलं नाही, कारण हसणाऱ्याच्या ताटात भाजी त्यांच्याच हातून पडणार होती. मग वहिनी शांतपणे बोलू लागल्या. पाऊस पहिले दिवसभर यायचा, रात्रभर यायचा, जमीन पीत बसायची. आता एका दुपारी सगळा येतो, थप्पड मारल्यासारखा. तेवढ्या वेळात त्याला अडवायला शिवारात काय उरलंय? ई-क्लास नाही, झाडं नाहीत, धुरे नाहीत. हा एक आहे. वरून येणारं पाणी याच्यापाशी थांबतं आणि हमीदभाईंच्या विहिरीत उतरतं. म्हणून ती विहीर आटते उशिरा. हा काढला तर शेषरावाची माती नाल्यात, नाल्यातून नदीत, आणि नदीतून मराठवाड्यात.

"तुमाले वाटते, माती हमीदभाईच्या वावरात मुक्कामाले थांबीन. ती काय पाहुणी हाय का?"

शेषराव म्हणाला, एका धुऱ्यानं काय होतं. हमीदभाई म्हणाले, बराबर. दोघांचं कित्येक वर्षांत पहिल्यांदा एकमत झालेलं, ते मोडायला कुणाचीच छाती होत नव्हती. वहिनींनी माझ्या ताटात तूप वाढलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊजी, तुमी पंच ना? मंग दगड कुठं गाडायचा ते ठरलं का तुमचं?"

मी म्हटलं, अजून नाही. त्या पुढं गेल्या. मी दुसरा रोडगा घेतला, फुंकर मारून.

नारळ

आणि आता आपण परत त्या सकाळी आलो. जेसीबी गुरगुरतोय, सुमनवहिनी समोर उभ्या.

जेसीबीवाला राजस्थानकडचा गडी होता. त्यानं बायकांचं ओरडणं देशभर ऐकलं असावं, कारण तो बिडी पेटवून शांत बसला. शेषराव विनवू लागला, सुमन, लोकं पाहून राह्यले. वहिनी म्हणाल्या, पाहू दे, माती जाईन तवा बी पाहतीनच. तेवढ्यात पलीकडून शमीमभाभी आल्या, हातात चहाची किटली. धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, पदर सावरून खाली बसल्या आणि स्वतःसाठी कपात चहा ओतला. म्हणजे आता जेसीबीला सुरुवात करायला टोकच उरलं नाही.

हमीदभाईंचा चेहरा असा झाला की शेरवानीतलं बुजगावणं त्यांच्यापुढं जास्त जिवंत वाटावं.

"नारळ फोड बे सांगली," शेषराव मला म्हणाला. "मुहूर्त जाऊन राह्यला."

माझी ही गोष्ट सांगून सांगून आता माझ्या गावात पोरं तोंडपाठ म्हणतात, आणि प्रत्येक वेळी तो नारळ थोडा मोठा होतो. पण माझं वाक्य मी बदललेलं नाही. युक्ती पूर्णपणे माझी होती. आदल्या दुपारी वहिनींनी तेच विचारलं होतं, हा निव्वळ योगायोग.

मी नारळ वर उचलला आणि म्हणालो, "फोडतो. माझी ना नाही. फक्त पंच म्हणून एवढंच विचारतो. धुरा गेला की खुणेचा दगड गाडायचा. तो लिंबाच्या अलीकडं की पलीकडं?"

दोघांनीही एकदमच लिंबाकडं बघितलं.

"पलीकडं," शेषराव म्हणाला. "त्यात काय विचारतं? लिंब माह्या आज्यानं लावला."

"अलीकडं," हमीदभाई म्हणाले. "लगाया होगा. पानी किसने डाला? हमारे दादा ने."

"पानी आमच्या बाजूनं वाह्यत येते."

"वाह्यत येते म्हणून तर आमचं हाय, शेषराव. आमच्याकडंच तं येते."

इथून पुढचं सगळं मी लिहीत नाही, छापणाऱ्याला संकोच वाटेल. थोडक्यात, लिंबावरून गोष्ट वारुळावर गेली, वारुळावरून कुणाच्या वखरानं पहिली वीत खाल्ली तिथं गेली, तिथून दोन्ही आज्यांपर्यंत, आणि आज्यांवरून शेवटी त्या गारपिटीच्या दिवशी शेडमधे खुर्च्या कुणी मोडल्या इथं येऊन थांबली. मोडलेल्या खुर्च्यांबद्दल दोघांनीही इतके दिवस मनात काय काय साठवलं होतं. जेसीबीवाल्यानं दोनदा विचारलं, "करना है कि नहीं?" तिसऱ्यांदा विचारायच्या आधी त्यानं मशीन वळवली आणि तो गेला. त्याची धूळ बसेपर्यंत शेषराव एका दिशेनं घरी गेला होता आणि हमीदभाई दुसऱ्या.

राहिलो आम्ही तिघं आणि नारळ. सुमनवहिनींनी तो माझ्या हातातून घेतला, लिंबाच्या मुळावर आपटून फोडला, अर्धी वाटी शमीमभाभींना दिली, अर्धी स्वतः ठेवली, आणि माझ्या हातावर एक तुकडा ठेवला. शमीमभाभींनी मला चहा दिला. चहात साखर चांगली होती. माझा वितळलेला गूळ वहिनींनी आधीच दोन डब्यांत भरून एक डबा पलीकडं पोचवला होता.

मला मात्र वाईट वाटत होतं. गारांनी जोडलेली माणसं मी एका प्रश्नानं तोडली. मी तसं बोललोसुद्धा. वहिनी खोबरं चावत होत्या.

"भाऊजी, हे भांडतेत तवा काय करतेत? रोज सकाळी दोघं बी धुऱ्यावर येऊन पाहतेत, तिकडच्यानं कोरला का म्हणून. राखण राह्यते. समेट झाला तं पाहाले कोण येईन?"

मी फौजेत सरहद्दीवर उभा राहिलो, तेव्हा मला हे कुणी असं समजावून सांगितलं नव्हतं.

परत सांगलीत

मला कळतं, की एका धुऱ्यानं जगाची गरमी कमी होत नाही. हे मला इथं गावात, पारावर, लग्नात, एसटीत, सगळीकडं सांगून झालंय लोकांचं. ज्यांनी धुराडी बांधली त्यांनी पाडावीत, हेही खरं. पण मला एक सांगा, तुमच्या शेताचा बांध कुठंय? माझा कुठंय, हे मी विचारलं तेव्हा माझ्या शेजाऱ्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. सोडू दे. या मिरगाच्या आधी मी फावडं घेऊन बांध घालायला गेलो. तो म्हणाला, माझ्या बाजूला दोन फूट आलास. मी म्हटलं, मोज. तो रोज सकाळी मोजायला येतो. बरं चाललंय आमचं.

मिरग कोरडा गेला. मग आषाढात एका दुपारी तिकडं, शेषरावाच्या भागात, पाऊस झाला. टीव्हीवर नाल्याचा चहा झालेला दिसला, रस्ता तुटलेला, नुकतं उगवलेलं सोयाबीन माती घेऊन वाहून चाललेलं. मी शेषरावाला फोन लावला. तो ओरडतच बोलला, कारण पाऊस अजून टिनावर वाजत होता. वरच्या शिवारातल्या चार वावरांचा काळा थर गेला म्हणाला. धुरा काढलेल्या त्या भावांची घळ आता नाल्याला जाऊन मिळाली. याच्याकडं पाणी धुऱ्याला टेकून उभं राहिलं, त्यात त्याची शेवटची काही तासं कुजली, त्याबद्दल त्यानं हमीदभाईंना शिव्या दिल्या. हमीदभाईंची विहीर मात्र वर आली, त्याबद्दल आणखी शिव्या दिल्या. वर्दीतलं बुजगावणं परत उभं केलंय, पलीकडं शेरवानीही परत आली, हेही सांगितलं.

माझ्या टाळूला अजून त्या रोडग्याची आठवण होती. मला राहवेना. मी विचारलं, "मग आता तरी हमीदभाईंशी समेट केलास की नाही?"

"नाई," शेषराव म्हणाला. "धुरा हाय ना अजून."